काकडी वाकडी धरतेय: रोग, की मधमाश्याच नाहीत?

मुरबाडकर_बाळा (मानपाडा, ठाणे)
राम राम मंडळी. नोकरी ठाण्यात, शेती मुरबाडला, शनिवार-रविवार तिकडेच. मांडवावर काकडी आणि थोडं कारलं आहे. वेल जोमात, फुलांनी मांडव पिवळा झालाय, पण काकडी धरते ती एका बाजूला बारीक, दुसरीकडे फुगीर, नाहीतर विळ्यासारखी. बारक्या तर पिवळ्या पडून गळतात. दुकानदार म्हणतो व्हायरस, अजून एक औषध मारा. भाऊ सकाळीच पंप पाठीला लावतो. कधी इमिडाक्लोप्रिड, कधी ॲसिटामिप्रिड (दोन्ही कीटकनाशकं), आणि त्यातच प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक, म्हणजे एका फेरीत काम. मला खटकतंय ते वेगळंच. मांडवाखाली पूर्वी गुणगुण असायची, आता डास सोडून काही नाही. बांधावरच्या ऐनावर आग्या मोहोळ लागायचं, तेही दिसत नाही. भाऊ म्हणतो, बाटलीवर लाल त्रिकोण (अतिविषारीची खूण) नाही, मग कसली भीती? संबंध असेल का?

गाळेवाला (वाशी मार्केट)
कारण मला कळत नाही, पण वाकडा माल यंदा बराच येतोय. क्रेटमध्ये बसत नाही, भाव पडतो. हॉटेलवाले घेतात, चिरल्यावर कोण बघतंय! पॉलीहाऊसची बिनबियांची काकडी लावा की, तिला फळ धरायला माशीची गरजच नाही.

सातेरीवाला (शहापूर)
गाळेवाले शेठ, त्या बियाण्याचा भाव काढा आधी. आणि कारल्याचं काय करायचं?

बाळादादा, व्हायरस असेल तर पानावर हिरवे-पिवळे चट्टे दिसतील. पानं स्वच्छ असतील तर सकाळी एक करा. नर फूल तोडून चार-पाच मादी फुलांवर परागकण चोळा (मादी फुलामागे इवलीशी काकडी असते) आणि देठाला दोरा बांधा. दोऱ्याच्या काकड्या सरळ आल्या तर दुकानदाराला दाखवा. काकडीचे परागकण चिकट, वाऱ्याने जात नाहीत आणि फूल एकच दिवस उघडतं. माशी आली नाही, किंवा घाईत एकदाच बसून गेली, तर सगळीकडे बी धरत नाही. बी नाही तिथे गर भरत नाही.

त्रिकोणाचा रंग ठरतो उंदरांवरच्या चाचणीवरून. मधमाशीचा त्यात हिशोबच नाही. इमिडा रसातून मकरंदात आणि परागात उतरतं, म्हणून रात्री मारलं तरी उरतंच. माशी तिथल्या तिथे मरेल असंही नाही. मज्जासंस्थेवर घाव असतो, घरची वाट चुकते. म्हणून शेतात मेलेल्या माश्या दिसत नाहीत आणि आपण म्हणतो, औषध निर्दोष. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडा, क्लोथियानिडिन, थायमेथोक्झाम उघड्या शेतात बंद केलं ते उगाच नाही. ॲसिटामिप्रिड एकटं त्यामानाने सौम्य, पण प्रोपिकोनॅझोल माशीची विष पचवायची यंत्रणाच अडवतं, मग तेच कित्येक पट जहाल होतं. भावाची ती 'एका फेरीत काम' मला सगळ्यात वाईट वाटते. इमिडाला अशा जोडीदाराचीही गरज नाही.

मुरबाडकर_बाळा
म्हणजे फवारणी संध्याकाळी करू? आणि तुमच्याकडच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या तर?

सातेरीवाला
इमिडा सोडलं तर काकडी-कारल्याला संध्याकाळ ठीक, कारण ती सकाळी फुलतात. शिराळं, दुधी लावलंत तर उलट. ती दिवस कलल्यावर उघडतात, दुधीवर रात्री पतंग येतात. फळमाशीला क्यू ल्युअरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचे) सापळे टांगा, मावा-तुडतुड्यांना आधी निंबोळी अर्क.

पेट्या आत्ता मी देणार नाही, राग मानू नका. इमिडा मारलेल्या फुलांवर माझ्या माश्या कशाला सोडू? शिवाय सातेरी (पेटीत पाळतो ती देशी मधमाशी) किलोमीटरभर सहज फिरते, तेव्हा शेजारचे काय मारतात तेही विचारून ठेवा. पुढच्या लावणीला बघू. तेव्हा बियाण्याच्या पाकिटामागचं बारीक वाचा, कधी कधी लेपातच थायमेथोक्झाम असतं.