अपडेट, अपग्रेड, डाउनग्रेड, डिपेंडन्सी : मराठीत काय लिहावं?

प्रश्न : डेबियन या लिनक्स प्रणालीतल्या पॅकेज मॅनेजरची, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या 'ॲप्ट'ची ओळख मराठीत लिहितो आहे. अपडेट आणि अपग्रेड, दोन्हींना 'अद्ययावत करणे' चालेल का? डाउनग्रेड आणि डिपेंडन्सीला काय म्हणावं?

प्रतिसाद : एकच शब्द अजिबात नको. 'ॲप्ट अपडेट' एकाही पॅकेजला हात लावत नाही. पॅकेजं जिथून येतात त्या भांडारात सध्या काय आहे त्याची यादी तेवढी नव्याने आणतं. नव्या आवृत्त्या बसवतं ते 'अपग्रेड'. दोन्हींना अद्ययावत म्हटलंत तर वाचक पहिली आज्ञा चालवून निर्धास्त होईल आणि सुरक्षेची दुरुस्ती बसलेलीच नसेल. मी 'यादी ताजी करणे' आणि 'आवृत्ती चढवणे' लिहितो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या डीएनएफ या पॅकेज मॅनेजरमध्ये मात्र अपडेट हे अपग्रेडचंच दुसरं नाव आहे.

प्रतिसाद : 'चढवणे' पटलं. पण म्हणून डाउनग्रेडला 'उतरवणे' करू नका, डाउनलोडला 'उतरवून घेणे' आधीच रूढ आहे. 'मागच्या आवृत्तीवर जाणे' लांबलचक आहे, तरी तेच बरं. डेबियनमध्ये या उलट्या प्रवासाची हमी नाही, हेही लिहाच. पॅकेज बसताना चालणाऱ्या स्क्रिप्ट जुनी सेटिंग्ज नव्या रूपात आणतात. परतीची सोय त्यांत सहसा नसते. ॲप्टच्या सेटिंग्जमध्ये त्या आवृत्तीला प्राधान्याचा आकडा १००० किंवा त्याहून जास्त दिल्याशिवाय ॲप्ट आपणहून मागची आवृत्ती निवडतही नाही. शिवाय 'मागची' कोणती हे नुसत्या नजरेने ठरवू नये : २.०~आरसी१ (आरसी म्हणजे प्रकाशनाआधीची चाचणी-आवृत्ती) ही २.०च्या आधीची, आणि १:०.९ ही चक्क ५.०च्या पुढची, कारण अपूर्णविरामाआधीचा आकडा सर्वांत आधी तपासला जातो.

प्रतिसाद : डिपेंडन्सीला 'अवलंबी पॅकेज' लिहिलेलं दिसतं, ते मला साफ चूक वाटतं. अवलंबी म्हणजे जे दुसऱ्यावर विसंबतं ते. उदाहरणार्थ, कर्ल (नेटवरून फाइली आणणारा प्रोग्रॅम) हे लिबकर्ल या लायब्ररीवर विसंबतं. डिपेंडन्सी आहे लिबकर्ल. तिला 'आधार-पॅकेज' म्हणा. दिशा चुकली तर वाचकाचं नुकसान होईल : लिबकर्ल काढलं की कर्लही जातं, पण कर्ल काढलं तर लिबकर्ल राहतं. ते आपोआप आलेलं असेल आणि दुसऱ्या कुणाला लागत नसेल, तर 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा ते काढून टाकते.

प्रश्नकर्ता : 'आधार-पॅकेज' घेतो. मग पॅकेजच्या माहितीत इतर पॅकेजांसाठी असलेल्या रेकमेंड्स आणि सजेस्ट्स या नोंदींना काय म्हणावं?

प्रतिसाद : 'शिफारस' आणि 'सूचना'. शिफारशीतली पॅकेजं ॲप्ट आपणहून सोबत घेतं, सूचनेतली घेत नाही. तेवढं कंसात लिहा.