डिलिव्हरीसाठी मुलं घेताना पडताळणी कशी करावी?

सायली_नाशिक
गंगापूर रोड आणि इंदिरानगर भागात आम्ही घरगुती डबे आणि किराणा अ‍ॅपवरून ऑर्डर घेऊन पोचवतो. आतापर्यंत ओळखीतलीच मुलं होती, आता बाहेरची घ्यायची आहेत. गाडी ज्याची त्याची. बऱ्याच घरी एकटे आजी-आजोबा दार उघडतात, म्हणून माणूस पारखूनच घ्यायचाय. आधार आणि लायसन्सची झेरॉक्स पुरेशी आहे का? अनुभवी मंडळींनी सांगावं.

चाकोरी
झेरॉक्सवर थांबू नका, ताई. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन्स चालू आहे का ते दिसतं. गाडीच्या नंबरावरून एमपरिवहन अ‍ॅपमध्ये आरसी, विमा आणि पीयूसीची मुदत कळते. लायसन्सवरचा वाहनाचा वर्गही बघा. बिनगिअरचं लायसन्स आणि हातात गिअरची बाईक, असं असेल तर ते लायसन्स त्या गाडीसाठी नाहीच.

पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा. महाराष्ट्र पोलिसांकडे त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्ज मुलाने स्वतः करावा, फी मात्र तुम्ही भरा. कामाच्या शोधात असलेल्या पोरावर तो भार नको. आणि जुनी एखादी नोंद निघाली म्हणून लगेच नाही म्हणू नका. गुन्हा कसला होता, निकाल काय लागला, हे त्याच्या तोंडून ऐका. घरात घुसून चोरी आणि गणपतीच्या मिरवणुकीतली हाणामारी यांना एकच माप लावणं मला पटत नाही.

विमावाले_काका
पॉलिसी चालू आहे एवढ्यावर समाधान मानू नका. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने किंवा मोबदल्यावर वापर आणि मालाची वाहतूक त्यात वगळलेली असते. डबे पोचवताना अपघात झाला तर कंपनी याच कलमावर बोट ठेवते, आणि जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुम्हालाही प्रतिवादी करू शकतो. म्हणून मुलगा कामावर ठेवण्याआधी विमा एजंटला कामाचं स्वरूप लेखी कळवा, उत्तरही लेखीच घ्या. मुलांसाठी सामूहिक अपघात विमा वेगळा काढा. मी तर म्हणेन, तो निघेपर्यंत नवीन भरतीच थांबवा.

रायडर_कोथरूड
मी स्वतः हेच काम करतो. कागद सगळे खरे असतात हो, गाडीवर माणूस दुसराच असतो! आयडी भाड्याने देणं सर्रास चालतं. सकाळी भाऊ, संध्याकाळी मित्र. प्रत्येक शिफ्टला अ‍ॅपमध्ये सेल्फी मागा, पण खरा उपाय म्हणजे डबे हातात देणारा माणूस मुलांना चेहऱ्याने ओळखणारा हवा. तुमचं काम लहान आहे, तुम्हाला हे सहज जमेल.

घेण्याआधी भरल्या बॅगेसह गर्दीच्या वेळी एक फेरी मारायला लावा आणि मागून दुसऱ्या गाडीवर जा. राँग साइड घालतो का, हातात मोबाइल धरून पत्ता बघतो का, हेल्मेटचा पट्टा लावतो का, लगेच कळतं. ई-चलन बघायचं तर गाडी वडिलांच्या नावावर आहे का हे आधी विचारा, दंड कुणी ओढवून घेतलाय काय सांगावं.

आणि एक विनंती. मूळ लायसन्स किंवा आधार ताब्यात ठेवू नका. आधारची प्रत लागलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी घ्या. उशिरासाठी पैसे कापणार असाल तर पारखून घेतलेला मुलगाही सिग्नल तोडेल.

सायली_नाशिक
मनापासून आभार. उशिराची कपात ठेवणार नाही, हे आजच ठरवलं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना आम्ही इलेक्ट्रिक स्कूटर दिली तर?

चाकोरी
मग जबाबदारी वाढते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 5 प्रमाणे लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणं हा मालकाचा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 180 खाली त्याला 5000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. 250 वॉटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या स्कूटरला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. तरी तुमच्या जागी मी तीही लायसन्स असलेल्यालाच देईन, आणि किल्ली रोज संध्याकाळी दुकानात जमा करून घेईन.