24 सार्वजनिक सुट्ट्या: राष्ट्रीय तेवढ्या ठेवून बाकी ऐच्छिक कराव्यात का?

दप्तरी (धागाकर्ता)

महाराष्ट्र शासनाच्या 2025 च्या यादीत 24 सार्वजनिक सुट्ट्या होत्या. वर 23 ऑक्टोबरला भाऊबीजेची जादा सुट्टी, आणि 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहेच. याचा एकत्र परिणाम पाहायचा तर 10 ते 20 एप्रिल 2025 हे 11 दिवस घ्या. 10 ला महावीर जन्मकल्याणक, 12-13 शनिवार-रविवार, 14 ला आंबेडकर जयंती, 18 ला गुड फ्रायडे, 19-20 पुन्हा शनिवार-रविवार. राज्य शासनाची कार्यालयं उघडी होती 11, 15, 16 आणि 17 ला. अकरांत चार दिवस! उत्पन्नाचा दाखला, फेरफार, दस्तनोंदणी, जे काही असेल ते तेवढ्यात करून घ्यायचं.

माझा प्रस्ताव असा: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला सगळं बंद. बाकी सणांसाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला 8 ते 10 ऐच्छिक सुट्ट्या द्याव्यात, ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्याव्यात. ही कल्पना नवी नाही. सहाव्या केंद्रीय वेतन आयोगाने तीन राष्ट्रीय सुट्ट्या सोडून बाकीच्या राजपत्रित (म्हणजे सगळी कार्यालयं बंद असतात त्या) सुट्ट्या बंद करा आणि ऐच्छिक सुट्ट्या 2 वरून 8 करा, असंच सुचवलं होतं. सरकारने ते मानलं नाही. उत्तर प्रदेशाने 2017 मध्ये थोर व्यक्तींच्या जयंती-पुण्यतिथीच्या 15 सुट्ट्या एका फटक्यात रद्द केल्या. तिथे जमतं, इथे का नाही?

मोजदाद

24 हा आकडा घेऊन वाद घालण्याआधी तो उलगडून पाहा. त्या यादीतल्या चार सुट्ट्या रविवारी आल्या: प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी, मोहरम. बकरी ईद शनिवारी. पारशी नववर्ष स्वातंत्र्यदिनाच्याच दिवशी आणि दसरा गांधी जयंतीच्याच दिवशी. म्हणजे सोमवार ते शुक्रवारमध्ये प्रत्यक्ष पडल्या 17. भाऊबीज धरून 18. रविवारी आलेल्या सुट्टीची बदली सुट्टी आपल्याकडे मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

पाच दिवसांचा आठवडा फुकट मिळालेला नाही. त्यासाठी कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा केली. ती वेळ काटेकोर पाळली जात नसेल तर तक्रार हजेरीबद्दल करा. आणि एप्रिलचे ते 11 दिवस हे वर्षातलं सर्वांत वाईट टोक आहे. जून-जुलैत सबंध दोन महिन्यांत सोमवार ते शुक्रवारमध्ये एकही सुट्टी नव्हती.

कामगारपक्ष

धागाकर्त्यांच्या प्रस्तावाला माझा ठाम विरोध. चर्चा सगळी सरकारी कर्मचाऱ्यांभोवती फिरते आहे. खासगी नोकरीत कायद्याने किती मिळतात ते कोणी पाहिलं का?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 प्रमाणे कामगाराला 8 भरपगारी सणाच्या सुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या. दप्तरी, तुमचा 'निवडीचा' नमुना इथे आधीपासूनच आहे, तेव्हा तो कसा चालतो हे तपासता येतं. चार दिवस मालक ठरवतो, यादी फळ्यावर लागते, आणि त्यात गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळी आली की कोटा संपला. ईद, बुद्ध पौर्णिमा किंवा नाताळ पाळणाऱ्याने स्वतःची रजा खर्च करायची. हाही हक्क 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता (2025 पर्यंत ही अट 10 ची होती). एकोणीस माणसांच्या दुकानात तोही नाही.

कारखान्यांचं तर विचारूच नका. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम 1948 मध्ये सणाच्या सुट्टीची तरतूद नव्हती. साप्ताहिक सुट्टी आणि वर्षात 240 दिवस भरले तर पुढच्या वर्षी 20 दिवसांमागे 1 दिवस भरपगारी रजा, इतकंच होतं. युनियनचा करार चांगला असेल तर सणाच्या सुट्ट्या 8-10 होतात. त्या कराराच्या बोलणीत कामगार प्रतिनिधी कशाचा आधार घेतात? शासनाच्या याच यादीचा. ती यादी चारवर आणली की टेबलावर ठेवायला काही उरत नाही.

दप्तरी

कामगारपक्ष, खासगी क्षेत्राचा मुद्दा मान्य. मग कायद्यातल्या 8 च्या 12 करा, मी सोबत आहे. पण त्यासाठी तहसील कार्यालय बंद ठेवायची काय गरज? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये दादरा-नगर हवेलीच्या प्रकरणात, 2 ऑगस्टच्या मुक्तिदिनाची सुट्टी मागणारी याचिका फेटाळताना सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, आणि सुट्ट्या वाढवण्यापेक्षा कमी करण्याची वेळ आली असावी.

टेबलखुर्ची

हक्क नाही हे खरं, म्हणून ऐच्छिक पद्धत आपोआप चांगली ठरत नाही. ज्या कार्यालयात सही एकाच माणसाची चालते तिथे ती कोसळते. दुय्यम निबंधकाचं कार्यालय घ्या. निबंधकांनी ऐच्छिक सुट्टी घेतली आणि अतिरिक्त कार्यभाराचा आदेश निघाला नाही, तर कार्यालय उघडं, लिपिक हजर, आणि दस्त मात्र नोंदवला जात नाही. पक्षकार साक्षीदारांसह गाडीभाडं खर्चून आलेले असतात. सार्वजनिक सुट्टी निदान दिनदर्शिकेत छापलेली असते, त्या दिवशी कोणी येत नाही.

करायचंच असेल तर आधी प्रत्येक एकसही टेबलाला पर्यायी अधिकारी नेमा, ऐच्छिक सुट्टीची नोंद निदान महिनाभर आधी घ्या आणि ती दारावर लावा. या तीन गोष्टींशिवाय सुरू केलं तर लोकांचे हेलपाटे वाढतील.

वटणावळ

संख्येपेक्षा मोठा घोळ तारखा हलवण्याचा आहे, त्यावर कोणीच बोललेलं नाही.

सार्वजनिक सुट्टी परक्राम्य संलेख अधिनियम 1881 (धनादेश, हुंडी यांचा कायदा) च्या कलम 25 खाली जाहीर होते. अधिकार मूळचा केंद्राचा, राज्यांकडे सोपवलेला. त्यामुळेच त्या दिवशी बँका बंद असतात. जिल्हाधिकारी जाहीर करतात ती स्थानिक सुट्टी या कलमाखाली येत नाही, म्हणून बँका आणि केंद्र सरकारची कार्यालयं चालू राहतात. हा फरक न कळल्याने स्थानिक सुट्टी म्हणून धनादेश भरायला न जाणारे पुष्कळ आहेत.

आता मुदतीचं. हुंडी किंवा वचनचिठ्ठी (ठरल्या तारखेला पैसे देण्याचं लेखी वचन), कायद्याने मिळणारे सवलतीचे 3 दिवस धरून, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी देय होत असेल तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय धरतात. देय दिनांक 14 एप्रिल 2025 असेल तर 13 रविवार, 12 दुसरा शनिवार, म्हणजे पैसे 11 लाच तयार हवेत. न्यायालयात किंवा कार्यालयात काही दाखल करायचं असेल तर बरोबर उलटं: शेवटचा दिवस सुट्टीचा असला तर पुढच्या उघड्या दिवशी चालतं. ते सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम 10. दोन्हींची गल्लत महागात पडते.

आणि यावर सुट्टीच हलली तर? 2025 मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी 5 सप्टेंबरला छापलेली होती. 6 ला अनंत चतुर्दशी, म्हणून मुंबई शहर आणि उपनगरापुरती ती ऐन वेळी 8 ला नेली, बाकी जिल्ह्यांत 5 लाच ठेवली. म्हणजे 5 ला पुण्यात सुट्टी, मुंबईत काम. 8 ला उलट. शेअर बाजार 8 ला चालू, पण सरकारी रोख्यांचा आणि परकीय चलनाचा बाजार बंद. 2024 मध्येही मुंबईत 16 ची सुट्टी 18 ला गेली होती, 2023 मध्ये 28 ची 29 ला. मिरवणुकांची गर्दी टाळायला हे करणं मला पूर्ण पटतं. दोन्ही समाजांनी समजूतदारपणा दाखवला. पण अनंत चतुर्दशीची तिथी पंचांगात वर्षभर आधी ठाऊक असते. ईद चंद्रदर्शनावर एखाद्या दिवसाने सरकते एवढंच. मग पर्यायी तारीख डिसेंबरातल्या मूळ अधिसूचनेतच का घालत नाहीत?

मोजदाद

वटणावळ, +1. दिवाळीचंही तेच. 2025 मध्ये केंद्राच्या यादीत दिवाळी 20 ऑक्टोबरला, राज्याच्या यादीत लक्ष्मीपूजन 21 ला. एकाच घरात एक जण पोस्टात आणि दुसरा जिल्हा परिषदेत असेल तर सुट्टीचे दिवस वेगळे.

मांडवीकर

गोव्यातून लिहितो. इथे 3 डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि 19 डिसेंबरला मुक्तिदिन. चतुर्थीला दोन दिवस सुट्टी असते, महाराष्ट्रात एक. मुख्यालय मुंबईत आणि शाखा पणजीत असलेल्या कंपन्यांत दर वर्षी वाद होतो, कारण मनुष्यबळ विभाग एकच यादी सगळीकडे पाठवतो. ज्या राज्यात काम, त्या राज्याची यादी लावावी. दप्तरींच्या प्रस्तावात 19 डिसेंबर ऐच्छिक होईल. 1961 साली ज्या दिवशी साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली, तो दिवस गोंयकाराने रजेचा अर्ज भरून साजरा करायचा, हे मला मान्य नाही.

दप्तरी

मांडवीकर, तो दिवस तुमच्यासाठी आमच्या 1 मे सारखा आहे. राज्याचा स्वतःचा एक दिवस मी चारच्या यादीत धरलाच आहे, गोव्यात तो 19 डिसेंबर असेल. टेबलखुर्ची यांची पर्यायी अधिकाऱ्याची अटही घेतो. मात्र कार्यालय बंद ठेवूनच सणाचा मान राहतो, हे अजून पटलेलं नाही.

कामगारपक्ष

मान राखायचा प्रश्न नाही, दप्तरी. 6 डिसेंबर 2024 ला महापरिनिर्वाण दिनासाठी मुंबईत स्थानिक सुट्टी दिली गेली, कारण दादरला चैत्यभूमीकडे लोटणारी गर्दी आणि कार्यालयांची गर्दी एकाच वेळी झेपत नाही. ऐच्छिक सुट्टीने ती गर्दी कमी होत नाही. तुमच्या 12 सुट्ट्यांच्या दुरुस्तीला मात्र माझा पाठिंबा, फक्त क्रम उलटा लावा. आधी दुकाने कायद्यातल्या 8 च्या 12 करा, 20 कामगारांची अट काढा, चार दिवस ठरवताना कामगारांची लेखी पसंती घेणं बंधनकारक करा. त्यानंतर शासनाच्या यादीला हात लावण्याबद्दल बोलू.

टेबलखुर्ची

कामगारपक्ष, 20 ची अट काढली तर दोन माणसांच्या किराणा दुकानात पसंतीची नोंद तपासणार कोण? त्याचंही उत्तर द्या.