क्लासिक ३५०, मागे आई आणि दहा दिवसांचं कोकण: सामान कसं बांधू?

सागरवाट:
नमस्कार मंडळी. जानेवारीत आईला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचंय. पुण्याहून ताम्हिणीने माणगाव, तिथून मुरुड, मग दिघी, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण. परत येताना आंबोली घाट. गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, तारांची चाकं. एकटी फिरायचे तेव्हा मागच्या सीटवर मोठी बॅग आवळली की काम भागायचं. आता त्या सीटवर आई असेल. वय ६१, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी.

दुकानदार म्हणतो टॉप बॉक्स घ्या, म्हणजे सीटच्या मागे बसवायची टणक पेटी, आईंना पाठ टेकायलाही होईल. मैत्रीण म्हणते मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सॅडलबॅगच हव्यात. शिवाय जंजिरा आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे होडीतून जायचंय, तेव्हा गाडीवरच्या सामानाचं काय करतात?

घाटमाथा:
ताई, खरेदीच्या आधी आईंना गाडीवर बसवा. पाय फूटरेस्टवर, गुडघे त्यांना आरामात ठेवता येतील तसे. आता त्यांच्या पोटरीच्या मागे किती जागा उरते ते पाहा. सॅडलबॅग त्या जागेत मावली पाहिजे. बॅग दोन बोटं जरी पुढे आली तरी पाय बाहेर फाकवून बसावं लागतं आणि दुखऱ्या गुडघ्यांना तासाभरात त्याचा त्रास सुरू होतो. त्यामुळे लिटर बघून बॅग घेऊ नका, लांबी बघा. रायनॉक्स, वायाटेरा यांच्या बॅगा चांगल्या टिकतात, पण दुकानात गाडी नेऊन, आईंना बसवून, लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॅगेचे पट्टे मागच्या सीटवरून न नेता सीट काढून तिच्याखालून न्या. वरून नेले तर आई पट्ट्यांवर बसतील आणि बॅगाही सरकतील.

डाव्या बाजूला साडीगार्ड आहे ना? तो काढून टाकला नसेल तर फार चांगलं. बॅग चाकात जाऊ नये म्हणून तोच उपयोगी पडतो. उजवीकडे मात्र सायलेन्सर आहे, तिथे सॅडल स्टे, म्हणजे बॅगेला बाहेर धरून ठेवणारी लोखंडी चौकट, बसवून घ्याच. बॅग रिकामी असताना सायलेन्सरपासून लांब दिसते. भरली, खड्ड्यात गाडी दबली की टेकते आणि कापड वितळतं. म्हणून भरलेल्या बॅगेने तपासा, आणि तपासताना मागच्या सीटवर कुणालातरी बसवा.

रोजची_दोनशे:
दुकानदाराचा सल्ला मला पटत नाही. क्लासिकवर टॉप बॉक्स मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर येतो. आधीच मागे माणूस, त्यात तिथे वजन टाकलं की पुढचं चाक हलकं होतं. आंबोलीच्या वळणांवर हँडल सैल लागायला लागेल. जड सामान जितकं खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, तितकी गाडी तुमच्या हातात राहते.

मालवणी_मुलूख:
रोजची_दोनशे, वजनाबद्दल बरोबर आहे, पण या प्रवासात बॉक्स पूर्ण बाद करू नका. ताईंच्या आईंना टेकायला आधार हवाय. शिवाय त्याला कुलूप लागतं. मालवणच्या जेटीवर गाडी लावून सिंधुदुर्गात गेल्यावर हेल्मेटं आणि जॅकेटं हातात घेऊन तटावर फिरणं म्हणजे शिक्षा आहे. लहान बॉक्स घ्या, त्यात फक्त हलक्या वस्तू: रेनकोट, शाल, चपला, उतरल्यावर हेल्मेट. बॉक्स किती किलोसाठी आहे ते त्यावरच लिहिलेलं असतं, ती मर्यादा पाळा. आणि नुसत्या आरशासारख्या गुळगुळीत पाठीवर कुणी टेकत नाही, बॅकरेस्टची गादी असलेलाच घ्या.

होडीचं म्हणाल तर सरळ उपाय: आधी मुक्कामाला जा, बॅगा खोलीत टाका, मग किल्ला. मुरुडला रात्री राहा आणि सकाळी रिकाम्या गाडीने राजपुरीला जा, जंजिऱ्याची होडी तिथून मिळते. मालवणलाही तसंच. विजयदुर्ग किल्ल्यात पायीच जाता येतं, तरी मुक्काम तिथेच असेल तर सामान खोलीवर ठेवूनच निघा. कापडी सॅडलबॅगेच्या चेनला लावलेलं छोटं कुलूप बघून फार विश्वास ठेवू नका.

सागरवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. साडीगार्ड आहे, काढलेला नाही. टँक बॅगेचं काय? आणि फेरीबोटीत भरलेली गाडी चढवायची मला भीती वाटते.

घाटमाथा:
टँक बॅग जरूर घ्या, पण लहान. क्लासिकची टाकी लोखंडी आहे, चुंबकाची बॅग घट्ट बसते. आईंची औषधं, कागदपत्रं, पाणी, पाकीट त्यात. उतरताना बॅग उचलली की खांद्यावर. बसवण्याआधी टाकी पुसा, वाळूचा कण राहिला तर रंगावर ओरखडे पडतात. गाडी उभी असताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, हॉर्न किंवा इंजिन बंद करायचं बटण बॅगेने दाबलं जाता कामा नये.

खाडीपल्याड:
फेरीबोटीबद्दल मी सांगते, माझं माहेर दाभोळचं. तुमच्या वाटेवर चार येतील: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. आईंना उतारावर पोचायच्या आधीच उतरवा, त्या चालत चढतील. ओहोटी असेल तेव्हा उतार जास्त तीव्र असतो आणि खालचा भाग शेवाळाने, ओल्या वाळूने निसरडा. पहिल्या गिअरमध्ये, सरळ, न थांबता चढवा. पुढचा ब्रेक अर्ध्यात दाबू नका. बॅगा दोन्ही बाजूंना फुगलेल्या असतात, त्यामुळे शेजारच्या गाड्यांपासून अंतर ठेवून लावा. बोट सुटली की गाडी गिअरमध्ये टाकून साइड स्टँडवर लावा, पण सोडून जाऊ नका, हात ठेवून शेजारी उभ्या राहा. बोटीवरची माणसं मदतीला येतात, निःसंकोच हाक मारा.

बॅगा आतून प्लास्टिकच्या जाड पिशव्यांनी अस्तर लावल्यासारख्या करून घ्या. जानेवारीत पाऊस नसला तरी पहाटेचं दव आणि लाल धूळ चेनमधून आत जाते. वरचं रेनकव्हर वाऱ्याने फडफडून फाटतं किंवा उडून जातं.

रोजची_दोनशे:
हुकवाले लवचिक दोर अजिबात नकोत. ताणलेला हुक सुटला की थेट डोळ्याकडे येतो, आणि रस्त्यात सुटला तर चाकात जातो. बकलचे पट्टे वापरा आणि त्यांची सुटी टोकं गुंडाळून बांधा. जास्तीचं काही बांधायचं असेल तर आपल्या दूधवाल्यांची जुन्या ट्यूबची पट्टी घ्या, तिची पकड खडबडीत रस्त्यावरही सुटत नाही.

तारांची चाकं म्हणजे ट्यूबचे टायर. पुढची १९ इंची आणि मागची १८ इंची, दोन्ही जादा ट्यूब बरोबर ठेवा, पान्यांसकट सॅडलबॅगेच्या तळाशी. टॉप बॉक्समध्ये लोखंड नको.

सागरवाट:
शेवटचा प्रश्न. दोघींचे मिळून साधारण किती किलो न्यावेत? आणि गाडीत काही फेरफार?

घाटमाथा:
गाडीच १९५ किलोची आहे आणि वर तुम्ही दोघी. सामान सगळं धरून १५ किलोच्या आसपास ठेवा. प्रत्येकी तीन जोड पुरतात, रात्री धुतलेले कपडे पंख्याखाली वाळतात. बॅगा भरून घरच्या वजनकाट्यावर ठेवा, डावी-उजवी सारखी हवी.

मागच्या शॉकअब्सॉर्बरला सहा टप्पे आहेत, टूलकिटमधल्या पान्याने दोन-तीन टप्पे कडक करा. टायरची हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलेली, ती टायर थंड असताना भरा. चेनचा सैलपणाही त्यानंतर बघा. मागचं वजन वाढलं की हेडलाइट वर उचलला जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात, तो खाली करून घ्या. बॅगांनी मागचे इंडिकेटर झाकले जात नाहीत ना, हे कुणालातरी मागे उभं करून विचारा. मग सगळं बांधून, आईंना बसवून एकदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन या. पट्टे कुठे ढिले पडतात ते तिथेच कळेल.

मालवणी_मुलूख:
आणि परतीची काजू, कोकम, खाजं घ्यायची असतील तर गाडीवर लादू नका. मालवण किंवा कुडाळहून पार्सल करून पुढे पाठवा. आंबोली घाट चढायच्या दिवशी जेवढं वजन घेऊन निघालात तेवढंच असू दे.