मदत हवी आहे: कुत्रीचे मूतखडे आहाराने विरघळण्याची वाट पाहावी की शस्त्रक्रिया करावी?

आमच्या लॅब्राडोर कुत्रीच्या मूत्राशयात खडे असल्याचे एक्स-रेमध्ये दिसले आहे. ती वारंवार लघवीला बसते, प्रत्येक वेळी जेमतेम काही थेंब होतात आणि त्यांत रक्त असते. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग आणि स्ट्रुवाइटचे (आहाराने विरघळू शकणाऱ्या एका प्रकारच्या खड्याच्या क्षाराचे) स्फटिक आढळल्यामुळे पशुवैद्यांनी अँटिबायोटिक व खडे विरघळवणारा विशेष आहार सुरू केला असून, काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून पुढचा निर्णय घेऊ, असे सांगितले आहे.

माझी अडचण अशी की लघवीत स्ट्रुवाइटचे स्फटिक दिसले म्हणून खडाही त्याच प्रकारचा असेलच असे नाही. आणि तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, तर कोणत्याही आहाराने विरघळणार नाही, तो काढावाच लागेल. मग या प्रतीक्षेत आपण तिच्या वेदना विनाकारण लांबवत तर नाही ना, ही काळजी मला स्वस्थ बसू देत नाही. लघवी पूर्ण अडली, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता तिला दवाखान्यात नेणार आहे.

ज्यांच्या कुत्र्यांना हा आहार दिला गेला, त्यांनी कृपया सांगावे की त्रास कधी कमी होऊ लागला आणि खडे पुन्हा झाले का. ती मुळातच पाणी कमी पिते. ओल्या आहारातच थोडे पाणी मिसळून देतो, पण तेवढे पुरेसे वाटत नाही. तिने अधिक पाणी प्यावे म्हणून तुमच्याकडे काय उपयोगी पडले?