डिस्पोजलचा डॉज, आत पर्किन्सचं डिझेल. मूळ इंजिन शोधू की हेच चालू करू?

वखार_आजरा:
नमस्कार मंडळी, आजऱ्याजवळ आमच्या आजोबांची लाकडाची वखार होती, ती कधीच बंद झाली पण मागच्या शेडात त्यांचा मिलिटरी डिस्पोजलचा, म्हणजे लष्करानं वापरून विकलेला, डॉज ट्रक अजून उभा आहे, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन, डाव्या स्टेअरिंगचा. आता जागा विकायचं चाललंय आणि चुलते म्हणतायत भंगारात देऊन टाकू, मला ते अजिबात मान्य नाही. चासी धड वाटते, हौद्याचा पत्रा खालनं गेलाय, ब्रेकचं पेडल दाबलं की तसंच खाली बसतं. बॉनेट उघडलं तर मूळचं सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन नाहीच, चार सिलेंडरचं पर्किन्स कंपनीचं डिझेल इंजिन बसवलंय, पेट्रोल परवडेना म्हणून आजोबांनीच बसवून घेतलेलं. जुनं आरसी बुक सापडलंय, तीन अक्षरी नंबरचं. हे फक्त हौस म्हणून करतोय, रविवारचं काम. मूळ इंजिन शोधावं का? सुरुवात कुठनं करू? आणि मिलिटरीचा हिरवा रंग द्यायचं फार मनात आहे.

जुनं_लोखंड:
आधी चुलत्यांना थांबवा. मग टेप घेऊन पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर मोजा, ९८ इंच भरलं तर पाऊण टनी डब्ल्यूसी-५१ मॉडेल, पुढे विंच (ओढायची चरखी) असेल तर ५२, आणि १२६ इंच भरलं तर तो युद्धानंतरचा पॉवर वॅगन, म्हणजे पार्ट शोधायची सगळी दिशाच बदलली. डॅशबोर्डवर पत्र्याच्या प्लेटा असतील, त्यांना वायर ब्रश लावू नका, रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि फोटो काढून ठेवा, सिरीयल नंबर तिथंच मिळतो.

चाकं काढायच्या आधी हे नीट वाचा. डब्ल्यूसीची रिम दोन तुकड्यांची असते, बोल्टनं जोडलेली. टायरात थोडी जरी हवा असली आणि तुम्ही रिम जोडणारे बाहेरच्या कडेचे नट सोडवले तर तुकडा तोंडावर येतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, मगच पान्याला हात लावा. चाक उतरवायचे नट आतल्या गोलावर असतात, आणि डाव्या बाजूचे उलट्या आट्याचे, ते नेहमीसारखे फिरवत बसलात तर स्टड तुटेल.

उद्यमनगरी:
गाववाले आहात म्हणून हक्कानं सांगतो, पर्किन्स काढू नका. ते तुमच्या आजोबांनी बसवलंय, त्या काळी डिझेल घालून लाकूड ओढणारे असे कितीतरी डॉज होते, तोही त्या गाडीचा इतिहासच की. शिवाय पर्किन्स मद्रासला सिम्पसन बनवायचे त्यामुळं सामान अजून मिळतं, फक्त मॉडेल पी-४ आहे का ४.२०३ ते ब्लॉकवरचा नंबर बघून ठरवा, दुरुस्तीचं किट वेगळं लागतं. जाम असेल तर इंजेक्टर काढून सिलेंडरात रॉकेल आणि ऑइल ओता, चांगलं मुरू द्या आणि मग हातानं थोडं पुढं थोडं मागं हलवत सोडवा, ट्रॅक्टर लावून ओढू नका, रिंगा तुटतात. ऑइल चेंबर खाली उतरवून गाळ काढल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. आणि पहिल्यांदा चालू करताना एक माणूस इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा करा, डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी पट्टी, आत अडकलेला असला तर इंजिन सुसाट सुटतं, मग चावी काढून काही उपयोग नाही, हवा बंद केली तरच थांबतं. बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ब्रेकच्या मास्टर सिलेंडरला स्लीव्ह (आतनं नवी नळी), सगळं आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरात होतं, पुण्यामुंबईला पळायची गरज नाही.

खडकीकर:
इंजिनाबद्दल मी वरच्यांशी सहमत नाही, पण कारण कागदाचं आहे. २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा नियम आलाय, ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षं चालते, आधी नोंद झालेली असेल तर जुना नंबर तोच ठेवता येतो. पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको अशी अट आहे, आणि तो खासगी दुचाकी-चारचाकींसाठी आहे, तुमच्या बुकात बहुतेक मालवाहू लिहिलेलं असणार. म्हणून एक पैसाही खर्च करायच्या आधी बुक घेऊन आरटीओत जा, डिझेल इंजिनाची नोंद त्यात चढवलीय का बघा. नोंद असेल तर उद्यमनगरींचं ऐकायला हरकत नाही.

रंगाचं मात्र मन आवरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, रस्त्यावर काढलीत की पकडणार. त्यापेक्षा बॉनेटच्या बाजूला पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा हळूहळू घासा. वखारीचा रंग, त्याच्याखाली आणखी एखादा, मग युद्धातला मूळ हिरवा असे थर एकाखाली एक उघडतात, नशीब असेल तर लष्करी नंबराचा एखादा आकडाही दिसतो. मी वखारीचाच रंग परत देईन.

वखार_आजरा:
मोजलं, ९८ भरलं, विंच नाही, म्हणजे ५१. बुकात इंधनाच्या रकान्यात पेट्रोल खोडून डिझेल केलंय आणि शेजारी शिक्का आहे, मालवाहूच आहे. पर्किन्स ठेवतोय. बॉनेट घासलं तर वर निळा निघाला, आईला विचारलं तर म्हणाली हो, गाडी निळीच होती. तोच देणार. आता ब्रेक, चारही व्हील सिलेंडर बदलू का नुसती किट टाकू?

जुनं_लोखंड:
उघडून बघा, आत खड्डे पडले असतील तर किट टिकणार नाही, स्लीव्ह मारा. पाइप सगळे नवीन टाका, एकही जुना ठेवू नका, सर्किट एकच आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. हँडब्रेक चाकांवर नाही, चाकं फिरवणाऱ्या शाफ्टवर असतो, त्याचाही पट्टा आत्ताच बदलून घ्या, आजऱ्याच्या घाटात लागेल.