मदत हवी आहे: जड गोळा एकटाच सोडला, तर तो किंचित लवकर जमिनीला टेकतो का?

नमस्कार. मुक्त पतनाबद्दलची एक शंका बरेच दिवस मनात आहे. जाणकारांनी माझा तर्क तपासून द्यावा, ही विनंती.

हवेचा विरोध नसेल तर सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने खाली येतात, हे मला समजते. दहापट वस्तुमानाच्या गोळ्यावर पृथ्वीची ओढ दहापट असते, परंतु त्याचे जडत्वही दहापट असल्यामुळे सूत्रातून वस्तुमान निघून जाते. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एकाच वेळी सोडलेला हातोडा आणि पीस बरोबरच खाली पोहोचले, तेही याच कारणाने.

अडचण पुढे आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गोळाही पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढतो, म्हणजे १० किलोचा गोळा पृथ्वीला १ किलोच्या गोळ्यापेक्षा दहापट त्वरण देतो. दोन्ही गोळे शेजारी शेजारी सोडले तर पृथ्वी दोघांकडेही सारखीच सरकेल. पण वेगवेगळ्या वेळी सोडले, तर जड गोळ्याला कमी वेळ लागायला हवा. २० मीटर उंचीवरून १० किलोचा गोळा पडेपर्यंत पृथ्वी किती सरकते, याचा मी हिशेब केला, तेव्हा प्रोटॉनच्या व्यासाचे पाच कोटी भाग केल्यास त्यातल्या जेमतेम एका भागाएवढे अंतर आले. हे कोणत्याही उपकरणाने मोजता येणार नाही, याची मला जाणीव आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे. माझे कुठे चुकते आहे का?

प्रतिसाद:

तुमचा तर्क बरोबर आहे, फक्त एक गोष्ट निसटली आहे. दोन वस्तूंचे परस्परांकडे येण्याचे त्वरण त्यांच्या वस्तुमानांच्या बेरजेवर अवलंबून असते. गोळा पृथ्वीवरूनच उचललेला असेल, तर तो वर असताना खाली उरलेल्या पृथ्वीचे वस्तुमान नेमके तेवढ्यानेच कमी झालेले असते. तुम्ही १ किलोचा गोळा सोडता तेव्हा १० किलोचा गोळा जमिनीवर पडून असतो, म्हणजे तो त्या वेळी पृथ्वीचाच भाग असतो. बेरीज दोन्ही वेळा तीच राहते, त्यामुळे केंद्रांमधील अंतर सारखे धरल्यास पडण्याचा वेळही तोच येतो.

गोळा अंतराळातून आलेला असेल, तर मात्र तुमचे म्हणणे खरे ठरते. चंद्राच्या बाबतीत तर ते सहज मोजता येण्याजोगे आहे: त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८१ व्या भागाएवढे असल्यामुळे पृथ्वी आणि चंद्र यांचे परस्परांकडील त्वरण, केवळ पृथ्वीचे वस्तुमान धरून काढलेल्या त्वरणापेक्षा एका टक्क्याहून थोडे अधिक भरते.